मामंजींचे दात आणि चिनी गोड पाणी

मामंजींचे उरलेसुरले दात बाजारातल्या चिनी दातवाल्याने काढून टाकले, आणि त्या दिवसापासून ते काय बोलतात हे आमच्या घरात कुणालाच कळेनासं झालं.

मामंजी म्हणजे माझे सासरे. निजामाच्या मुलकी खात्यात गिरदावर होते. घोड्यावरून खेडोपाडी फिरायचं, पिकं-जमिनी पाहायच्या आणि पटेल-पटवाऱ्यांना दटावायचं, हे त्यांचं काम. आवाज असा, की ते मावल्याच्या तळ्याकाठी ओरडले तर आदिलाबादच्या कचेरीत पट्टेवाला उठून उभा राहतो, असं लोक गमतीनं म्हणत. नोकरी करून करून त्यांची भाषा अर्धी उर्दू झाली होती. ताक हवं असलं तर 'ताक पेश करा' म्हणायचे. भाजी आवडली की 'मंजूर', नाही आवडली की 'नामंजूर', आणि जेवणावरून उठताना 'पंगत बरखास्त'.

आयुष्यभर तंबाखू खाल्ल्यामुळे दात सगळे हलायला लागले होते. एकदा जेवताना भाकरीत काहीतरी टणक लागलं. मामंजींनी घास बाहेर काढला आणि आत्याबाईंवर, म्हणजे माझ्या सासूबाईंवर, गरजले, "ज्वारी निवडत नाई का तुमी? हा पाहा खडा!" आत्याबाईंनी तो खडा हातात घेऊन उजेडात धरला, उलटासुलटा केला आणि परत त्यांच्या ताटाच्या कडेला ठेवला. म्हणाल्या, "हा माझ्या ज्वारीतला नाई. हा तुमचा हाय."

त्यानंतर मामंजी दातवाल्याकडे गेले.

त्या काळात चिनी माणसं आमच्याकडे अगदीच अनोळखी नव्हती. कुणी सायकलवर रेशमी कापडाचं गाठोडं बांधून यायचा, कुणी दात काढायचा आणि नवे बसवायचा. हा दातवाला बायकोसकट आला होता. बाजाराच्या गल्लीत त्याने पुढे दुकान, मागे बिऱ्हाड अशी जागा भाड्याने घेतली होती. दारावर लाकडी फळी टांगलेली, आणि तिच्यावर गुलाबी हिरड्यांसकट अख्ख्या जबड्याचं चित्र. शेजारच्या मिठाईवाल्याची तक्रार होती की ते चित्र पाहून त्याचं गिऱ्हाईक निघून जातं. दातवाला कलकत्त्यात बरीच वर्षं राहिला होता, त्यामुळे हिंदुस्तानी बोलायचा. त्यांच्या मुलखात लढाई चालू होती, परत जायची सोय नव्हती, म्हणून फिरत फिरत इथवर आलो, असं सांगायचा. बायको हसायची जास्त, बोलायची कमी. तिचं हिंदुस्तानी चार-पाच शब्दांवर चालायचं, पण त्या चार-पाच शब्दांत ती घर चालवायची, बाजार करायची आणि वेळ आली तर भांडायचीही.

दात काढून झाले. हिरड्या भरून आल्याशिवाय नवी कवळी बसवता येत नाही, असं दातवाल्याने बजावलं. तोवर थांबायचं. आणि मग आमची खरी पंचाईत सुरू झाली.

मामंजींच्या तोंडून 'स' निघेना. मी त्यांची 'फूनबाई' झाले. कचेरीत 'दस्तखत' हा शब्द तर त्यांनी सोडूनच दिला. 'सही' म्हणावं तर त्याची 'फही' व्हायची. एका पटवाऱ्याला बिचाऱ्याला वाटलं, साहेब नाक मुरडून राह्यले, आणि तो माफी मागायला लागला. शेवटी मामंजी कागदावर बोट ठेवून नुसतं 'हं' म्हणायचे. ज्यांच्या हाकेने गावं हादरायची, ते आता पंचांच्या पंगतीत गप्प बसायला लागले.

जेवणाचे तर हाल विचारू नका. दूधभात, पेज, आसट वरण, पुन्हा दूधभात. आत्याबाईंनी थंडीचे डिंकाचे लाडू नुकतेच केले होते. त्यांचे लाडू आमच्या आळीत नावाजलेले, आणि मामंजींचा त्यांच्यावर फार जीव. आता ते एक लाडू हातात घेऊन बसायचे आणि फिरवून फिरवून पाहायचे, जसा एखादा जप्त केलेला माल पाहावा. कधी कडेने चाटायचे. आत्याबाईंनी कीव येऊन खलबत्त्यात लाडू कुटून दिला, तर वाटीकडे पाहून म्हणाले, "हा लाडू नाई. हा लाडवाचा मुडदा हाय." दात नसले तरी टाकून बोलणं काही थांबलं नव्हतं.

ते वाळायला लागले. अंगरखा खांद्यावरून लोंबायला लागला. आत्याबाई काळजीत पडल्या. माझे यजमान तेव्हा हैदराबादेत शिकत होते, त्यामुळे घरात काळजी करायला आणि ऐकून घ्यायला मीच. आणि मग अचानक, कुणी काही न करता, मामंजींची तब्येत सुधारायला लागली. गालांवर पुन्हा तकाकी आली. घरात दूधभात अर्धा टाकून उठायचे, तरी रंग टवटवीत. आणि रोज तिसऱ्या प्रहरी, कचेरी सुटली की, काठी घेऊन दातवाल्याकडे जायचे.

आत्याबाईंनी काही दिवस हे पाहिलं. मग एकदा तांदूळ पाखडता पाखडता सूप खाली ठेवलं.

"सूनबाई, मले एक सांग. तोंडात एक दात नाई. मंग हा माणूस रोज दातवाल्याकडं काऊन जाते?"

"हिरड्या दाखवायला जात असतील, आत्याबाई."

"हिरड्या म्हंजे काय तालुक्याचा नकाशा हाय, रोज पाहाले?"

त्यांनी लुगडं सारखं केलं, मला म्हणाल्या, "चाल," आणि आम्ही निघालो.

दातवाल्याच्या दुकानाचं दार उघडंच होतं. आत दात काढायच्या उंच खुर्चीत मामंजी बसले होते, मांडी घालून, टोपी काढून, डोळे मिटून. दोन्ही हातांत पांढरं चिनी मातीचं वाडगं, आणि त्यातून लांबलचक 'सुर्रर्र' असा आवाज येत होता. चिनीणबाई कोपऱ्यात उभी राहून, आपलं मूल जेवताना पाहावं तसं कौतुकाने पाहत होती.

"हे काय चाल्लं?" आत्याबाई दारातूनच म्हणाल्या.

मामंजींनी डोळे उघडले. आम्हाला पाहिलं. वाडगं मात्र खाली ठेवलं नाही.

"इलाज," ते म्हणाले. हा शब्द त्यांना बिनदाताचाही स्वच्छ म्हणता यायचा.

दातवाला लगबगीने पुढे आला. "माँजी, यह मीठा पानी है. ताकत का पानी. चबाना नहीं, सीधा पेट में." त्याच्या बायकोने तेवढ्यात आणखी एक वाडगं भरून आत्याबाईंपुढे धरलं. मी डोकावून पाहिलं. पिवळसर, स्वच्छ, वाफाळतं पाणी. त्यात लाल सुरकुतलेली फळं, पांढऱ्या टपोऱ्या बिया आणि मधाच्या रंगाचे, थरथरणारे, पारदर्शक गोळे.

आत्याबाईंनी हात जोडले. "माझा आज उपास हाय."

त्या दिवशी कसलाही उपास नव्हता. सकाळीच आम्ही दोघींनी पिठलं-भाकरी खाल्ली होती. चिनीणबाईने वाडगं माझ्याकडे वळवलं, तर आत्याबाई म्हणाल्या, "हिचाबी हाय."

घरी येताना त्या पुढे आणि आम्ही दोघं मागे. आमच्या घरात सोवळंओवळं कडक होतं. परक्याच्या हातचं पाणी चालायचं नाही, आणि इथे तर घरच्या कर्त्या पुरुषाने चिनी चुलीवरचं वाडगेच्या वाडगे रिचवलं होतं. मी जीव मुठीत धरून चालले होते. पण घरी पोचल्यावर आत्याबाईंनी विटाळाचा शब्दही काढला नाही. त्यांना लागलं होतं ते वेगळंच.

"माझ्या हातचं खाऊन या माणसाचं पोट सुटलं," त्या मला म्हणाल्या, मामंजींना ऐकू जाईल एवढ्या आवाजात, "आन् आता तब्येत दुसरीच्या हातानं सुधारून राह्यली! इलाज पाह्यजे ना? मी करीन इलाज. घरी."

"तिला विचारून येऊ का, कसं करतात ते?"

"कोनाले? तिले? माझ्या घरात चुली फुटल्या का?"

मग त्यांनी मामंजींनाच विचारलं, त्यात काय काय असतं. घोड्यावर बसून कोसभर अंतरावरून शेतात काय पेरलंय ते सांगणारा हा माणूस, चेहरा गंभीर करून म्हणाला, "गोड. गरम. मऊ." यापलीकडे एक अक्षर बाहेर पडलं नाही.

म्हणून सगळी भिस्त माझ्या डोकावून पाहण्यावर. लाल फळं म्हणजे खारीक असणार, पांढऱ्या बिया म्हणजे सोललेले शेंगदाणे, आणि थरथरणारं जे आहे ते डिंक, असं आत्याबाईंनी ठरवलं. डिंकाच्या बाबतीत त्यांना शंकाच नव्हती. "डिंक मले शिकवते का कोनी?" लाडवांतून उरलेला बाभळीचा डिंक डब्यात होताच. पाणी उकळलं, खडीसाखर टाकली, खारीक टाकली, शेंगदाणे टाकले आणि वरून मूठभर डिंक.

बाभळीचा डिंक तुपात फुलतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. उकळत्या पाण्यात तो काय करतो, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. तो विरघळला. पातेल्यात उरली ती खळ. पळी उचलली की तिच्यामागे तार यायची आणि तारेमागे एखादा शेंगदाणा. तरी आत्याबाईंनी वाटी भरून मामंजींपुढे ठेवली. मामंजींनी मोठा घोट घेतला. ओठ मिटून बसून राहिले. मला वाटलं चव घेऊन राह्यले. मग दिसलं, ओठ उघडायचा प्रयत्न करतायत आणि ओठ उघडत नाहीयेत. मी धावत कोमट पाणी आणलं.

दुसऱ्या दिवशी कचेरीला निघताना त्यांनी तीच वाटी मागितली. आत्याबाईंचा चेहरा उजळला. "आवडलं का?"

"मंजूर," मामंजी म्हणाले. "कचेरीफाठी. लखोटे चिकटवाले."

आत्याबाई त्यांच्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "मामंजी दातवाल्याकडं छत्री विसरले असतील. पाहून ये." मामंजींची छत्री खुंटीला आमच्या डोळ्यांसमोर लटकत होती. मी निघाले.

चिनीणबाईने मला पाहिलं, हसली, आणि एक शब्द न विचारता हात धरून मागच्या बाजूला घेऊन गेली. बहुतेक मामंजींनी घरची हकिगत सांगितली असणार. तिने एक वाटी दाखवली, तिच्यात बोटाच्या पेराएवढे डिंकाचे खडे. मग दुसरं भांडं दाखवलं, त्यात तेच खडे भिजून, फुगून, काचेसारखे झालेले. तिने मुठी मिटल्या आणि हळूहळू पंजे पसरले. "छोटा. पानी. रात. बड़ा!" लाल फळं म्हणजे आपली सुकवलेली बोरं निघाली. पांढऱ्या बिया कमळाच्या, मावल्याच्या तळ्यातल्या. कलकत्त्याहून आणलेलं सामान संपल्यावर या बाईने आठवडी बाजारात फिरून फिरून, हात लावून, चावून पाहून, आपल्या मुलखातल्या जिनसांना जोडीदार शोधून काढले होते. मलाही ती एकेक वस्तू नाकाशी धरून दाखवत होती.

मी घरी येऊन सगळं सांगितलं. आत्याबाईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं, आणि बाजाराच्या दिवशी माझ्या आधी तयार होऊन बसल्या.

बाजारात रानातला माल घेऊन गोंड बाया बसायच्या. चारोळी, मोहाची फुलं, बोरं, हिरडा आणि तऱ्हेतऱ्हेचा डिंक. आम्हाला हवा होता तो कांडोळाच्या झाडाचा, पाण्यात न विरघळता फुगणारा. विकणारी बाई म्हणाली, "थोडाच घे, माय. लय फुगते हा."

आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "विकणारीच कमी घे म्हणते! आपल्याले फुकटे समजून राह्यली." आणि तिच्या टोपलीतला होता नव्हता तेवढा डिंक पदरात बांधून घेतला.

संध्याकाळी तो सगळा त्यांनी मोठ्या पातेल्यात भिजत घातला, वर झाकण ठेवलं आणि झोपायला गेल्या.

सकाळी मी स्वयंपाकघराचं दार उघडलं तर झाकण जमिनीवर. पातेल्यावर डिंकाचा डोंगर, आणि त्याचा एक थर कडेवरून घसरत, ओट्यावरून खाली, चुलीच्या दिशेने निघालेला. मी हाक मारली. आत्याबाई आल्या, "अगं माय!" म्हणाल्या, आणि अर्धा डिंक काढून बादलीत टाकला. तो कोरडा वाटला म्हणून वरून पाणी ओतलं. बादली भरली. बादलीतला अर्धा काढून अंघोळीच्या तांब्याच्या घंगाळात टाकला. तोवर पातेलं पुन्हा काठोकाठ. ज्यात म्हणून ठेवावा, तो तिथे संसार थाटायचा.

तेवढ्यात मामंजी पंचा नेसून अंघोळीला आले. घंगाळात पाहिलं. बोट घालून पाहिलं. घंगाळभर डिंक एकदम हलला.

"आज डिंकात बुडी मारायची का?" ते म्हणाले. आत्याबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की ते तसेच विहिरीवर गेले.

त्या डिंकातला थोडा घेऊन, बोरं आणि कमळाच्या बिया घालून आम्ही ते पाणी केलं. दिसायला अगदी तसंच झालं. थरथरत होतं, चमकत होतं. आत्याबाईंनी स्वतः वाटी नेली. मामंजींनी घोट घेतला, बी हिरड्यांनी दाबलं, आणि कडुलिंबाचा रस प्यायल्यासारखं तोंड केलं. बियांच्या आत हिरवा कोंब असतो, तो कडू जहर. तो काढायचा असतो हे मला चिनीणबाईने खरं तर दाखवलं होतं, पण तेव्हा मला वाटलं ती काहीतरी किडलेलं काढून टाकतेय.

"नामंजूर," मामंजी हळूच म्हणाले. त्यांनाही वाईट वाटलं असावं.

उरलेला डिंक आम्ही शेजारी वाटला. शेजाऱ्यांनी दुसऱ्या दिवशी परत आणून दिला. गाईपुढे ठेवला. गाईने वास घेतला आणि तोंड फिरवलं. आत्याबाई परसात विहिरीच्या कट्ट्यावर जाऊन बसल्या. बराच वेळ बसल्या. मी जवळ गेले तर माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "बोलाव तिले."

"कुणाला?"

"त्या चिनीणबाईले. दुसऱ्या कोनाले बोलावू, लाटसाहेबाले?"

ती आली तेव्हा आत्याबाईंनी सोवळ्याचा मार्ग काढलेला होता. स्वयंपाकघरात नाही, परसात तीन दगडांची चूल मांडली होती. पातेलंही वेगळं, नंतर राखेने घासता येईल असं. चिनीणबाईने कुणी न सांगता विहिरीवर हातपाय धुतले आणि बाह्या वर सारल्या. आत्याबाईंनी ते पाहिलं, आणि माझ्या कानात म्हणाल्या, "वळण हाय हिले."

मग तिची नजर भिंतीशी ठेवलेल्या घंगाळाकडे गेली. तिने वाकून पाहिलं. शेजारच्या बादलीत पाहिलं. त्याच्या शेजारच्या घमेल्यात पाहिलं. आत्याबाई ताठ उभ्या राहिल्या. चिनीणबाईने बोटाचं एक पेर चिमटीत धरून दाखवलं, की एवढा, एवढासाच लागतो. आणि दाखवता दाखवता तिला हसू आवरेना. ती तिथेच जमिनीवर बसली, गुडघ्यांवर हात मारून हसायला लागली. आत्याबाईंचं तोंड आधी लाल झालं. मला वाटलं आता काही खरं नाही. पण त्यांनी पुन्हा एकदा घंगाळाकडे पाहिलं, पदर तोंडाला लावला, आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मग दोघी एकमेकींकडे पाहून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मी आत्याबाईंना तसं हसताना लग्न झाल्यापासून पाहिलं नव्हतं.

स्वयंपाक सुरू झाला आणि हसणं संपलं. बिया फोडून हिरवे कोंब काढायचे, त्या आधी मऊ शिजवायच्या, मग बोरं चिरून टाकायची, डिंक निवडून धुऊन शेवटी, आणि खडीसाखर अगदी उतरवताना. इथवर ठीक चाललं. मग आत्याबाईंनी वेलदोड्याची पूड आणली. चिनीणबाईने पातेल्यावर हात धरला. "नै, नै."

"अवो, थोडीशी. वासाले."

"नै!"

आत्याबाई बाजूला झाल्या. थोड्या वेळाने तुपाचं भांडं घेऊन आल्या. चिनीणबाई पातेल्याच्या आणि त्यांच्या मधे उभी राहिली. "तूप नाई, दूध नाई, वेलदोडा नाई," आत्याबाई मला म्हणाल्या, "मंग ताकद येते कुठून? पाण्यातून?" मी हे कसं विचारू? पण चिनीणबाईला बहुतेक समजलं. तिने आल्याचा तुकडा उचलून त्यांच्यापुढे धरला, की पाहिजे तर एवढं घाला. तो आत्याबाईंनी स्वतःच्या हाताने ठेचून घातला, आणि समेट झाला.

पातेलं मंद आचेवर असताना दोघी चुलीपाशी बसल्या. चिनीणबाई ढवळत होती. मधेच स्वतःच्या तोंडाकडे बोट दाखवून म्हणाली, "मेरा अम्मा. दाँत नै." मग ढवळायची खूण केली आणि लांब, भिंतीपलीकडे हात दाखवला. आईसाठी ती हे करायची. आई आहे की नाही, हे तिला माहीत नसावं. लढाईमुळे पत्र येत नव्हतं, असं दातवाल्याने मामंजींना एकदा सांगितलं होतं.

आत्याबाई उठून आत गेल्या आणि डिंकाचे दोन लाडू आणून तिच्या हातात ठेवले.

तिने लाडू खाल्ला. बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत असलेली ती बाई, कडाकडा आवाज करत, मान डोलवत खात होती. तेवढ्यात मामंजी कचेरीतून आले, आणि लाडवाचा तो आवाज ऐकून दारातच थबकले. इतक्या हेव्याने मी कुणालाच कुणाकडे पाहताना पाहिलेलं नाही.

पाणी तयार झालं. मामंजींनी घोट घेतला, डोळे मिटले आणि तो लांबलचक 'सुर्रर्र' आमच्या परसात पहिल्यांदा ऐकू आला. मग आत्याबाईंनी, आम्हा सगळ्यांच्या नजरा चुकवत, वाटीत थोडंसं घेतलं. चाखलं. "फिकं हाय," म्हणाल्या. पुन्हा घेतलं. "फिकंच हाय." तिसऱ्यांदा वाटी भरली तेव्हा काही म्हणाल्या नाहीत.

पुढे कवळी आली. पहिल्या दिवशी मामंजी तिच्यासह बोलले तेव्हा प्रत्येक 'स' बरोबर एक बारीक शिट्टी निघायला लागली. कचेरीत त्यांनी 'सही' म्हटलं की बाहेरचा घोडेवाला आत यायचा. हळूहळू ते बसलं. भाकरी चावता यायला लागली, लाडूही. आवाज परत आला, पटवारी पुन्हा घाबरायला लागले. पण संध्याकाळ झाली की मामंजी कवळी काढून पाण्याच्या वाटीत ठेवायचे आणि पाटावर येऊन बसायचे.

"दात आलेत ना आता?" आत्याबाई म्हणायच्या. "मंग चावा काहीतरी."

"कचेरीची वेळ फंपली," मामंजी म्हणायचे. "दात बरखाफ्त."

आणि आत्याबाई कुरकुरत उठून पातेलं चुलीवर चढवायच्या. चिनीणबाई अधूनमधून यायची. परसातली तीन दगडांची चूल कधीतरी पडवीत आली, आणि पावसाळ्यात पडवी गळायला लागल्यावर, त्याबद्दल कुणीही काही न बोलता, आत आली.

मग एक दिवस दातवाल्याने सांगितलं की ते मंचेरियलला जातायत. आदिलाबादेत काढण्यासारखे होते तेवढे दात काढून झाले. तिकडे रेल्वे, कोळसा, नवी वस्ती, माणसं खूप. निघायच्या दिवशी आत्याबाईंनी लाडवांचा डबा दिला. चिनीणबाईने चिनी मातीचा एक छोटा, आखूड दांड्याचा चमचा आत्याबाईंच्या हातात ठेवला. दोघी आपापल्या भाषेत बराच वेळ बोलल्या. काय बोलल्या, ते त्यांनाच ठाऊक. गाडी निघाल्यावर आत्याबाई मला म्हणाल्या, "धूळ लय उडून राह्यली आज," आणि पदराने डोळे पुसले. तो चमचा त्यांनी मिठाच्या बरणीत ठेवला, आणि त्याने मीठ काढायला दुसऱ्या कुणाला परवानगी नव्हती.

त्यानंतर बऱ्याच काळाने तहसीलदारांच्या घरच्या बाई हळदीकुंकवाला आल्या होत्या. मोठ्या घरच्या, पुण्याकडच्या, सगळ्या रीतिभाती जाणणाऱ्या. आत्याबाईंनी त्यांना वाटीभर ते पाणी दिलं. बाईंनी चाखलं, वाटी उजेडात धरून पाहिली.

"हे काय हो? छानच लागतंय."

"हे?" आत्याबाईंनी पदर सारखा केला. "हे आमच्यात पहिल्यापासून करतात. अशक्तपणाले. माझी आजी करे."

मी हळदीकुंकवाचं ताट हातात घेऊन उभी होते. मी खाली पाहून करंड्यातलं कुंकू सारखं करायला लागले. पुण्याकडच्या बाई मात्र वाटीत पाहत गंभीरपणे मान हलवायला लागल्या.

"हो हो. बरोबर," त्या म्हणाल्या. "आमच्याकडेही करत असत पूर्वी. माझ्या पणजीच्या हातचं फार नावाजलेलं होतं म्हणे. आता कुणी करत नाही हो."

"कष्ट पडतात ना," आत्याबाई म्हणाल्या.

"हल्लीच्या मुलींना कुठं जमणार?" बाई म्हणाल्या, आणि दोघींनी एकदमच माझ्याकडे पाहिलं.